डोळा वाचला, पण दृष्टी?

तान्ह्या मुलाचे डोळे टपोरे दिसले की आपल्या घरांतून त्याचे कौतुक होते आणि लगोलग मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली जाते. बहुधा त्यात काळजीचे काही नसते. परंतु डोळ्यांतून सारखे पाणी गळते, उजेड सोसत नाही, बुबुळावर धुरकट छटा दिसते, असे असेल तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची वाट नीट घडलेली नसते, आत दाब वाढतो, आणि कोवळा डोळा फुगत जातो. त्या दाबाखाली दृष्टीची नस सुकते. सुकलेली नस पुन्हा जिवंत होत नाही.

पाश्चात्त्य देशांत सुमारे १०,००० जन्मांत एकाला हा रोग होतो. आंध्र प्रदेशात ३,३०० त एक, सौदी अरबस्तानात २,५०० त एक, असे अंदाज आहेत. आईबाप दोघांकडूनही सदोष गुणसूत्रांश आला तरच बहुधा रोग प्रकटतो, म्हणून नात्यातली लग्ने जेथे अधिक तेथे तो अधिक. ओमानात अशी लग्ने पुष्कळ होतात. आणि मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रालाही परकी नाही.

नुसत्या थेंबांनी येथे भागत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत डॉ. अनिल मंडल यांनी अशा बालकांवर दोन शस्त्रक्रिया एकत्र केल्या: एकीने निसर्गाची बुजलेली वाट उघडायची, दुसरीने नवी वाट करून द्यायची. भूल एकदाच. पहिल्या वर्षी बहुतेकांचा दाब आटोक्यात राहतो. वर्षे जातात तसे हे प्रमाण उतरते, काहींना पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. शिवाय दाब उतरला म्हणजे दिसू लागले असे नाही. बुबुळावर व्रण राहतात, जाड चष्मा लागतो, एक डोळा आळशी होतो.

मग यश कशाला म्हणावे? डॉक्टर दाबाचा आकडा लिहितो, आणि तो खोटे लिहीत नाही. आईचा प्रश्न निराळा असतो: हा मला ओळखील का?

मस्कतच्या अल् घुब्रा भागात राहणारे एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. बापाची नोकरी कराराची, नोकरी गेली तर व्हिसाही गेला. हैदराबादेस न्यायचे तर आईने थोरल्या मुलांना सोडून किती महिने राहायचे? पुढेही वारंवार तपासणी, तीही लहानपणी भूल देऊनच. परदेशी संसार थाटलेल्या आपल्या वाचकांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

आमचे मत असे की पहिल्या शस्त्रक्रियेविषयी वाद नाही. निर्गमाच्या २१ व्या अध्यायावरून आपल्या शास्त्र्यांनी वैद्याला उपचाराची परवानगी काढली, आणि येथे दिरंगाई हाच एक निर्णय ठरतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेस मात्र, नस जवळजवळ गेलेली असताना, हे मुलासाठी की आपल्या मनाच्या समाधानासाठी, हे विचारण्याचा आईबापांना अधिकार आहे. डॉक्टरने उत्तर स्पष्ट द्यावे. उरलेला थोडा उजेड राखणे, किंवा दुखणारा डोळा शांत करणे, हेही उत्तर असू शकते.

तालमूदात आंधळ्याला ‘सगी नहोर’, म्हणजे पुष्कळ उजेडाचा, म्हणतात. रब योसेफ आणि रब शेशेत दोघेही दृष्टिहीन होते. पुम्बदिथाची विद्यापीठगादी रब योसेफांनी सांभाळली. म्हणून शस्त्रक्रिया संपेपर्यंत ब्रेल थांबवू नये. दादरची अंधशाळा १९०० पासून आहे, पण पुष्कळ घरे तिकडे फार उशिरा वळतात.

आणखी एक गोष्ट. थोरल्या बहिणीचे लग्न जमेपर्यंत धाकट्याचे डोळे लपवणारी घरे आहेत. लपवण्याने रोग लपत नाही, पुढच्या बाळाची तपासणी मात्र राहून जाते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते. ते बाळ जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात नेत्रवैद्याकडे दाखवावे, डोळे टपोरे असोत वा नसोत.