देहाची लाज कोणी शिकवली?

उपासक-उपासिकांनो,

आपण वंदनेला हात जोडून बसतो, तेव्हा कोणाचे हात कसे आहेत हे विहारात कोणी पाहत नाही. कोणाच्या बोटांवर केळीच्या चिकाचे डाग असतात, कोणाच्या तळव्याला विळ्याने घट्टे पडलेले असतात. तथागतांपुढे ते सारे हात सारखेच. पण घरी परतल्यावर काय होते? पाहुणे मुलगी पाहून जातात आणि ती सावळी आहे म्हणून पुन्हा निरोप येत नाही. पोराच्या अंगावर कोडाचा डाग दिसला की आई त्याला भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालते. पोलिओने पाय बारीक झालेला तरुण वरातीत सर्वांच्या मागे चालतो. आपण धर्म बदलला. पण आरशासमोर मान अजून खालीच आहे.

ही लाज आपल्याला जन्मतः मिळालेली नाही. ती शिकवली गेली. तुमचा स्पर्श विटाळ, तुमची सावली विटाळ, असे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविण्यात आले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी प्याले, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून ते तळे 'शुद्ध' केले. गुराचे मूत्र पवित्र आणि माणसाची ओंजळ अपवित्र!

आपल्या खानदेशातही हेच घडले. 1929 साली मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याला आले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवून हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. अखेर टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला नाही. सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने तो हाकला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरचा देहसुद्धा त्या टांगेवाल्यांच्या लेखी हलकाच होता! पण बाबासाहेबांनी आपला देह कधी हलका मानला नाही. पुढे मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर खचले. तरी त्याच शरीराने 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली.

भगवंतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना हेच समजाविले होते. गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्या अंगावर त्यांच्या जातीची खूण असते. माणसाच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, हातापायांत, रंगात किंवा आवाजात तशी खूण कोठेही नाही. संघातले लकुंटक भद्दिय स्थविर ठेंगणे आणि कुरूप होते. लहान श्रामणेर त्यांचे कान-नाक ओढून थट्टा करीत. ते रागावत नसत. इतर भिक्षू त्यांना कमी लेखत, तेव्हा भगवंतांनी सर्वांसमोर त्यांची थोरवी सांगितली. मधुर स्वराच्या भिक्षूंमध्ये त्यांना पहिला मान दिला. उंची वाढली नाही, चेहरा बदलला नाही. पाहणाऱ्यांची नजर बदलावी लागली.

कोणी विचारील, धम्म तर देह अनित्य मानतो, मग त्याच्यावर प्रेम कसे करायचे? हाच प्रश्न राजा मिलिंदाने नागसेनांना विचारला होता. नागसेनांनी त्याला उलट विचारले, रणात जखम झाली तर तू तिला मलम लावतोस, पट्टी बांधतोस. ती जखम तुला आवडते म्हणून का? ती बरी व्हावी म्हणून. भिक्षू देहाची काळजी तशीच घेतो. उपासकांनो, आपल्यालाही हाच मार्ग आहे. देहाचा गर्व नको आणि लाजही नको. त्याची निगा राखावी. बत्तीस अवयवांचे चिंतन करून पाहा. गोऱ्या कातडीखालीही तेच रक्त, तेच हाड.

म्हणून घराघरातून काही गोष्टी व्हाव्यात. लग्न जमविताना मुलीचा रंग विचारू नये. 'काळ्या', 'लंगड्या', 'बुटक्या' अशा हाका मारू नयेत. सम्यक् वाचा घरातूनच सुरू होते. कोड संसर्गाने होत नाही. ते पापाचे फळही नाही. मुलाला भगताकडे नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या माउलीने आपलेही ताट वेळेवर वाढून घ्यावे. तिचे शरीरही शरीरच आहे. आणि दारू सोडणे हे नुसते पाचवे शील नाही, तो स्वतःच्या देहाचा सन्मान आहे.

मेहरूणची बोरे आपण चवीसाठी घेतो. सालीवर एखादा ठिपका दिसला म्हणून कोणी पाटी उलथून टाकत नाही. मग आपल्याच लेकरांना आपण ठिपके पाहून का निवडावे? पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना त्या पोराला अर्ध्या बाह्यांचा सदरा घाला आणि पुढच्या रांगेत बसवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!