बाहेरचा पैसा नको

१९३७च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलरांच्या खासगी सभागृहात एक बैठक झाली. एका बाजूला दारूतून नुकतेच सावरलेले काही जण, दुसऱ्या बाजूला जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या विश्वासातली मंडळी. शेअर बाजारातला बिल विल्सन आणि अ‍ॅक्रन गावचे डॉक्टर बॉब स्मिथ यांनी १९३५मध्ये सुरू केलेल्या, दारू सोडवण्याच्या कामाला पैसा हवा होता. बेत मोठे होते: इस्पितळं, पगारी कार्यकर्ते, पुस्तक. रॉकफेलरांचे सहकारी फ्रँक एमॉस अ‍ॅक्रनला जाऊन काम पाहून आले आणि ५०,००० डॉलर द्यावेत, अशी त्यांनी शिफारस केली. रॉकफेलरांनी दिले ५,०००. पैशाने हे काम नासेल, असं त्यांचं मत पडलं. त्यातले सुमारे ३,००० डॉ. बॉबच्या घरावरचं कर्ज फेडण्यात गेले, उरलेल्यातून दोघा संस्थापकांना आठवड्याला तीस-तीस डॉलर मिळू लागले.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ची सातवी परंपरा सांगते की प्रत्येक गटाने आपला खर्च आपणच भागवावा, बाहेरची देणगी घेऊ नये. ही गोष्ट आता तत्त्व म्हणून सांगितली जाते. मला तिच्या मुळाशी आधी नाइलाज दिसतो. मागितलं, फारसं मिळालं नाही, आणि न मिळण्यातला फायदा मागाहून कळला. फेब्रुवारी १९४०मध्ये रॉकफेलरांनी धनिकांना मेजवानीला बोलावलं, तेव्हाही तेच. ते स्वतः आजारी होते. मुलगा नेल्सन बोलायला उभा राहिला आणि या कामाला पैशाची फारशी गरज नाही, असं सांगून मोकळा झाला! ऐकणाऱ्यांच्या खिशात किती होतं, याचा अंदाज बिलला असणारच.

पुढच्याच वर्षी ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये एएवर लेख आला, मदत मागणाऱ्या पत्रांचा ढीग पडला आणि एएच्या न्यूयॉर्कमधल्या छोट्या कार्यालयाला खर्च झेपेना. तेव्हा गटांनाच विनंती केली गेली: माणशी वर्षाला एक डॉलर पाठवा. बारा परंपरा लिहिल्या गेल्या १९४६मध्ये, क्लीव्हलँडच्या अधिवेशनात त्यांना मान्यता मिळाली १९५०मध्ये. वर्गणी आधी आली, नियम नंतर.

ही व्यवस्था मुंबईतल्या एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मीटिंगमध्येही तशीच दिसते. बोलणं चालू असताना एक पिशवी फिरते. ज्याला जमेल तो टाकतो. पहिल्यांदाच आलेल्याला सहसा सांगतात, तुम्ही नका टाकू. त्यातून जागेचं भाडं, चहा, पुस्तिका यांचा खर्च भागतो. उरलं तर थोडं गाठीला ठेवून बाकीचं वरच्या कार्यालयांकडे जातं. आपल्याकडच्या गणपतीच्या वर्गणीशी ताडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. मंडळ दारोदार जातं, पावती फाडतं, मोठ्या देणगीदाराचं नाव मांडवात झळकतं. इथे नावच सांगायचं नाही, तर फलक कुणाचा लावणार? आणि फलक नाही म्हटल्यावर फलकाबरोबर येणारा अधिकारही नाही. शंभर टाकणारा आणि दहा टाकणारा गटाच्या निर्णयात सारखेच.

व्यसनात माणसाचं पैशाशी नातं बिघडतं ते बहुधा घेण्याच्या बाजूने. बायकोच्या डब्यातून घेतलेले, मित्राकडून उसने आणलेले, पगारातून लपवलेले. अशा माणसाला आणखी एखादा उदार दाता मिळवून देणं म्हणजे त्याला पुन्हा घेणाऱ्याच्याच जागी बसवणं. पिशवीत स्वतःच्या कमाईची दहाची नोट टाकताना तो त्या जागेचा मालक होतो, थोडा का होईना. रॉकफेलरांना हे एवढं उमगलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना काम नासण्याची भीती होती, हा मुद्दा मालकीचा आहे.

हे स्वावलंबन अगदी निखळही नाही. न्यूयॉर्कच्या कार्यालयाचा खर्च कित्येक दशकं सभासदांच्या वर्गणीतून भागत नव्हता. पुस्तकांच्या विक्रीतला नफा तूट भरून काढत होता, आणि ती पुस्तकं विकत घेणाऱ्यांत उपचार केंद्रंही होती. म्हणजे बाहेरचा पैसा पुस्तकाच्या वाटेने आत येतच होता. सभासदांत याची चर्चा होते, अधूनमधून कुरबुरही.

शिवाय हा नियम सगळीकडे लावू नये. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६मध्ये उभं राहिलं ते डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या धडपडीने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या एक लाखाच्या देणगीने. तिथे खाटा लागतात, डॉक्टर लागतात, समुपदेशकांना पगार द्यावा लागतो. तिथे ‘बाहेरचं नको’ म्हटलं असतं तर दार उघडलंच नसतं. उपचार ही सेवा आहे आणि गट हा गोतावळा. दोघांचे हिशेब वेगळे.

पण एएलाही हे तत्त्व पाळणं सोपं गेलं नाही. १९४८मध्ये एका मृत्युपत्रातून एएच्या विश्वस्त संस्थेला १०,००० डॉलर मिळायचे होते. पैशाची तेव्हा खरोखर चणचण होती. विश्वस्तांनी खूप वाद घातला आणि ते पैसे नाकारले. आज मध्यवर्ती कार्यालयाला सभासदानेही वर्षाला किती द्यावं आणि मृत्युपत्रात किती ठेवावं यावर मर्यादा आहे. सभासद नसलेल्याने पाठवलेली रक्कम, कितीही छोटी असली तरी, परत केली जाते.