ज्यांना पारितोषिक मिळाले नाही



दरवर्षी चित्रपटांची पारितोषिके जाहीर झाली की दोन-चार दिवस एकच चर्चा चालते: अमुक नटाला का डावलले? ही चर्चा बहुधा चहाबरोबर संपते. पण तिच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. चांगले काम करणाऱ्याला मान मिळाला नाही, तर त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणायचे का? आणि झाला असेल, तर तो कोणी केला?

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ साली आला. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच देण्यात आले, ते याच चित्रपटाला. आईचे काम केले होते वनमालाबाईंनी. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या. १९४१ च्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर रुखसाना झालेली ही रूपवती नटी येथे कोकणातल्या गरीब घरची आई झाली, आणि जुन्या पिढीतल्या अनेकांच्या मनात श्यामच्या आईचा चेहरा तोच राहिला. चित्रपटाला सुवर्णपदक मिळाले; आईला काही नाही. पण त्यांना कोणी डावललेही नव्हते, कारण अभिनयासाठी वेगळे राष्ट्रीय पारितोषिकच तेव्हा नव्हते. ते १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. (घराचे नाव झाले तरी घरातल्या आईचे नाव कोणी घेत नाही, हे आपल्यालाही नवे नाही.) २००७ साली वनमालाबाई ग्वाल्हेरातच वारल्या.

निळूभाऊ फुले यांची गोष्ट अधिक विचार करायला लावते. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा साधा माणूस. पडद्यावर मात्र त्यांनी दुष्ट पाटील, सरपंच, साखर कारखान्याचा धनी असा काही रंगवला, की खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या त्यांना खरोखरच शिव्याशाप देत. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त ते हिंदुराव धोंडे पाटील झाले. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारूडा मास्तर, मारुती कांबळे नावाच्या गरीब माणसाचा पुन्हा पुन्हा ठावठिकाणा विचारणारा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. मराठीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. अभिनयाचे मात्र दोघांपैकी कोणालाही मिळाले नाही. निळूभाऊंना राज्याचे व इतर सन्मान लाभले, ते उपेक्षित होते असे म्हणता येणार नाही. पण मला वाटते, आपण सहसा आपल्याला आवडणाऱ्या पात्राला हार घालतो आणि ते नटाच्या गळ्यात पडतात. पाप कसे बोलते, कसे गोड हसते, पान खाता खाता एखाद्याचे आयुष्य कसे मोडते, हे जो आपल्याला खरे दाखवतो, त्याचे आभार मानायला आपली जीभ उचलत नाही. निळूभाऊंच्या हिंदुरावात आपल्या ओळखीचा कोणीतरी दिसतो, कधी कधी आपण स्वतःही दिसतो. ते कोणाला आवडेल?

येथे एक सोपे उत्तर हाताशी असते: काम करत राहावे, मानाची अपेक्षा करू नये. उत्तर चांगले आहे, पण ते कोण कोणाला सांगतो हे पाहिले पाहिजे. मान आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतमजुराची मजुरी थकवून त्याला निष्काम सेवेचा उपदेश करणे म्हणजे चोरीवर पांघरूण घालणे होय. हे उत्तर माणसाने स्वतःला द्यावे; दुसऱ्याला देऊ नये.

औंढ्यात राहणाऱ्यांना नामदेवांची गोष्ट सांगायला नको. त्यांना देवळासमोरून उठवून मागे धाडले, ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. म्हणून नंदी मागल्या बाजूला राहिला, असे सांगतात. सगळे देऊळ फिरल्याचे नवल करतात. मला नवल वाटते ते त्या अगोदरच्या वेळेचे. ते मागे गेले तेव्हा देऊळ फिरेल असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तरी कीर्तन सुरू झाले होते.

मागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळून पाहण्याची गोष्ट निघाली म्हणून नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आठवतो. त्याला ६१ व्या राष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणाच्या चित्रपटाचा मान मिळाला, आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा. जब्याचा बाप कचरू झाले होते किशोर कदम, कविता वाचणाऱ्यांना ते ‘सौमित्र’ म्हणून ठाऊक आहेत. त्यांना काही मिळाले नाही. मुख्य अभिनेत्याचे पारितोषिक त्या वर्षी राजकुमार राव आणि मल्याळममधील सुरज वेंजारमुडू यांना विभागून मिळाले. त्यांच्या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण कचरूचे ते वाकलेले अंग पाहा. मुलीचे लग्न करायचे आहे, पैसे नाहीत, म्हणून सारे कुटुंब घेऊन तो गावातले डुक्कर धरायला निघतो. गाव कडेला बसून हसते. जनावर हाती लागणार तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, आणि ती सगळी माणसे धावता धावता जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निघून जाते. आपल्यालाही क्षणभर हसू येते, आणि मग लक्षात येते की आपण हसणाऱ्यांच्या रांगेत बसलो आहोत. चित्रपट कोठे पाहायला मिळाला तर त्या प्रसंगात जब्यावरून नजर काढून एकदा बापाच्या चेहऱ्याकडे पाहा.