समाधान कोणाचे?

आमच्या बैठकीच्या खोलीत शिसवी टेबलावर एक टर्नटेबल आहे. गॅरार्ड ४०१, इंग्लंडमधल्या स्विंडन गावी बनलेला. १९९७ साली बेळगावच्या कॅम्प भागातील एका निवृत्त डॉक्टरांकडून मी तो नऊ हजार रुपयांना घेतला. तेव्हा माझा पगार त्याच्या निम्माही नव्हता. सौभाग्यवती आठ दिवस धड बोलली नाही. पुढे घरात तीन टीव्ही आणि दोन स्कूटर आल्या नि गेल्या. हे यंत्र बदलावे असे मात्र एकदाही मनात आले नाही.

त्याची रचना साधी आहे. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यांची कप्पी, तिला टेकलेले रबरी चाक आणि त्या चाकाने आतल्या कडेला धरून फिरवलेले जड ताट. वीज इंग्लंडमध्येही ५० हर्ट्झची आणि आपल्याकडेही, त्यामुळे कप्पी बदलावी लागली नाही. एकदा रबर कडक होऊन गाण्यामागे घरघर येऊ लागली, तेव्हा उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याने ते चाक घासून गोल करून दिले. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, मी त्याला वंगण घालतो. एवढीच त्याची मागणी.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत संतोष हा एक आहे. तो आपल्याला साधला, असा माझा समज होता. शाळेच्या प्रार्थनेनंतर मुलांपुढे बोलताना या टर्नटेबलचा दाखला मी किती वेळा दिला असेन, याची गणती नाही.

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला. मी मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड लावली होती. तो म्हणाला, "बाबा, तानपुऱ्याची जवारी काय सुरेख येते हो!" मी मान डोलावली, पण मला तानपुरा ऐकू येत होता, जवारीची ती वरची चमक येत नव्हती. त्याला संशय आला असावा. त्याने मोबाईलवर चढत्या कंपनसंख्येचे सूर लावले. दहा हजार हर्ट्झच्या पुढे माझ्यापुरती शांतता पसरली. तो मात्र सांगत होता, "आता वाजतंय. अजून वाजतंय." तरुण कान वीस हजारांपर्यंत पोहोचतो, वयाबरोबर वरची बाजू आधी झिजते, हे मी स्वतः नववीच्या वर्गात शिकवलेले आहे!

त्या रात्री झोप लागेना. इतकी वर्षे मी ज्याला समाधान म्हणत आलो, ते समाधान होते की बहिरेपण? उणीव ऐकूच येत नसेल, तर तक्रार नसण्यात पुण्य कसले?

विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. १९९७ साली माझे कान शाबूत होते. तेव्हा मी पारखून घेतले, पोटाला चिमटा काढून पैसे मोजले, नंतर बिघाड झाला तेव्हा दुरुस्त केले. ते समाधान खरे होते. जाणत्या माणसाने विचारपूर्वक म्हटलेले 'पुरे' वेगळे आणि न कळणाऱ्याने म्हटलेले 'पुरे' वेगळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यातून दुसऱ्यात आपण कधी घसरलो, हे मात्र आपले आपल्याला कळत नाही; ते दुसऱ्याच्या कानाने कळते.

आणि मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. वर्गात मुले अठ्ठेचाळीस, सूक्ष्मदर्शक दोन, त्यातल्या एकाची भिंग बुरसलेली. बाई तीन वर्षे मागणी करीत होत्या. "सर, मुलांना काही दिसत नाही हो," त्या म्हणत. आणि मी, गॅरार्डवाला संतोषी मुख्याध्यापक, उत्तर देई, "बाई, आहे त्यात भागवायला शिका." ज्या भिंगातून मला पाहायचे नव्हते, त्याच्याबद्दल मी समाधानी होतो!

समाधान हा गुण फक्त प्रथमपुरुषी आहे. 'मला पुरे' म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. 'तुला पुरे' असे दुसऱ्याला, विशेषतः आपल्या हाताखालच्याला, सांगू लागलो की त्याच गुणाचा अन्याय होतो. संतोषाचा पाठ देणाऱ्याने आधी समोरच्याची गैरसोय ऐकलेली असली पाहिजे.

सुटी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी बाईंचा अर्ज मागवून घेतला आणि शिफारशीसह संस्थेकडे पाठवला. सहा सूक्ष्मदर्शक आले. तीन वर्षांत दहावी होऊन गेलेल्या मुलांना ते कुठले मिळणार? ती चूक माझ्या खात्यावर राहील.

टर्नटेबल मी बदललेला नाही. मुलगा घरी आला की मन्सूरांची तीच रेकॉर्ड लावतो आणि त्याला विचारतो, "जवारी येते का रे?" तो हो म्हणतो. मला ती ऐकू येत नाही, पण ती अजून खोलीत असते.