गाईड मिटवा आणि उभे राहा

हजेरी नंतर. भावनांच्या सिद्धांतांवरचे तुमचे पेपर मी काल रात्री तपासले. जवळजवळ प्रत्येकानं तेच लिहिलंय: जंगलात अस्वल दिसलं, माणूस पळाला, पळाला म्हणून घाबरला, झाला जेम्स-लांगे सिद्धांत. गाईडातली ओळ जशीच्या तशी उतरवलीत. लाज वाटायला हवी.

तुमच्यातली कितीतरी पोरं कळमनुरी-वसमतकडची. 10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा कुठे होतात? मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे थरथरले, लोक अंगणात आले. तुमची छाती आधी धडधडली, की 'भूकंप झाला' हे आधी कळलं? भावनांच्या मानसशास्त्रातला एक जुना वाद नेमका हाच आहे, आणि एकाच्याही पेपरात त्या सकाळचं अक्षर नाही!

विल्यम जेम्सनं 1884 मध्ये मांडलं की आधी शरीर बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. डेन्मार्कच्या कार्ल लांगेनं 1885 मध्ये स्वतंत्रपणे तसंच म्हटलं. इथवर पाठ आहे तुमचं. पण पुढचं वाचलंत का? हाच जेम्स 18 एप्रिल 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात सापडला. स्टॅनफर्डला पहाटे अंथरुणात होता. खोली गदगदा हलली, कपाटं आडवी झाली. आणि त्याला भीती वाटलीच नाही, हर्ष झाला. तसं त्यानं लिहून ठेवलंय. आता 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांच्याकडे जा. जमीन नुसती कुरकुरली तरी ती माणसं रात्रभर डोळा लावत नाहीत. हलते जमीनच, मग एकाला हर्ष आणि दुसऱ्याला धसका का? त्या प्रसंगाचा आपल्यापुरता अर्थ माणूस काय लावतो, यावर भावना ठरते, असं मॅग्डा अर्नोल्ड आणि रिचर्ड लॅझारस म्हणाले ते यासाठी. आपल्याकडच्या पांगरा शिंदे गावात वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात. तिथल्या म्हाताऱ्याला आणि काल आलेल्या पाहुण्याला तो आवाज सारखाच घाबरवतो का? जाऊन विचारायला कुणी अडवलं होतं?

जेम्स-लांगे सिद्धांतावरचा वॉल्टर कॅननचा 1927 चा आक्षेप तर निम्म्यांनी शॅक्टरच्या नावावर घातलाय. कॅननचं म्हणणं साधं होतं: रागात, भीतीत, अगदी तापातही शरीरात तेच बदल होतात, मग नुसत्या धडधडीवरून राग कोणता नि भीती कोणती हे कळणार कसं? शॅक्टर आणि सिंगर यांचा ॲड्रेनॅलिनच्या सुईचा प्रयोग 1962 चा. 1979 मध्ये मार्शल आणि झिंबार्डो यांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा धडधडीला भावनेचं नाव आजूबाजूच्या प्रसंगावरून मिळतं हा मूळ निष्कर्ष टिकला नाही. हे गाईडात नसेल. ग्रंथालयात आहे, आणि तिकडे तुमचे पाय वळत नाहीत.

मी चिडतो ते मार्कांसाठी नाही. उद्या तुमच्यातलं कुणी समुपदेशक होईल. धक्क्यानंतर घरात पाऊल टाकायला नकार देणारं लेकरू समोर बसेल. त्याला 'घाबरू नको' एवढंच सांगणार? त्याची भीती कशातून उपजली हे ओळखता आलं नाही, तर त्या लेकराचं नुकसान तुमच्या हातून होईल.

सोमवारी पेपर पुन्हा. 10 जुलैच्या सकाळी अंगात काय झालं, मनात काय आलं, आधी कोणतं नि मागून कोणतं, ते आठवून लिहा. घरातल्या मोठ्यांना विचारा. मग कोणता सिद्धांत कुठे तोकडा पडतो ते सांगा. गाईडातलं एक वाक्य दिसलं तरी तो पेपर मी परत करीन.