सक्तीचा अस्वाद

फेब्रुवारीत आर्वीच्या आसपास संत्र्याचा आंबिया बहार फुलतो. संध्याकाळी वारा बागांकडून आला की तो वास गावात शिरतो. कुणी त्याच्याकडे मुद्दाम लक्ष देत नाही, इतका तो नेहमीचा. 2021 च्या फेब्रुवारीत तो आला नाही. यंदा फूल कमी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वर्धा नदीपलीकडे अमरावतीत तेव्हा दुसरी लाट उसळली होती आणि 22 तारखेला तिथे पुन्हा टाळेबंदी लागली. आम्हाला करोना नवा नव्हता. वर्धा जिल्ह्यातला पहिला रुग्ण मे 2020 मध्ये आर्वी तालुक्यातच सापडला होता. तरीही दोष मी संत्र्यांनाच दिला.

उलगडा ताटावर झाला. जवसाची चटणी भाकरीला लावून खाल्ली. खारट लागलं, तिखट लागलं. जवस मात्र कुठेच नव्हतं.

त्या दिवसांत जो तो म्हणे, ‘तोंडाची चव गेली.’ काहींची जीभही खरोखर बधिरली होती. पण बहुतेकांचं गेलं होतं ते नाक. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि ज्याला उमामी म्हणतात ती मांसल-मुरलेली चव, एवढंच कळतं. जवसाचं जवसपण, संत्र्याचं संत्रेपण हे घास चावताना घशामागून वर नाकात जातं आणि तिथे ओळखलं जातं. तिखट तर चवही नव्हे. ती चेहऱ्याच्या मज्जातंतूने कळवलेली आग. म्हणून वऱ्हाडी जेवणातून वास वजा झाला की उरते ती नुसती जळजळ. विक्स हुंगून ‘मला तर वास येतो’ म्हणणारे फसत, तेही याच मज्जातंतूमुळे. त्यांना थंडावा कळत होता, वास नव्हे.

साध्या सर्दीत नाक चोंदतं आणि वासाची वाटच बंद होते. इथे नाक मोकळं, श्वास मोकळा, आणि आत कुणी नाही. पुढे संशोधकांनी दाखवलं की विषाणूला आत शिरायला लागणारं कवाड वास टिपणाऱ्या चेतापेशींवर नसतंच. ते त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींवर असतं. घर शाबूत, राखणदार पडला. केंद्र सरकारने 13 जून 2020 रोजी वास आणि चव जाणं लक्षणांच्या यादीत घेतलं. तोवर अशी तक्रार घेऊन जाणारा माणूस थोडा हास्यास्पदच ठरे.

मराठीत नाकाला मान मोठा आहे. ते कापलं जातं, वर होतं, घासावं लागतं, मुठीत धरावं लागतं. त्यावर माशी बसू द्यायची नसते. पण या साऱ्यांत नाक हुंगत कुठेच नाही. आपण त्याला अब्रूच्या खात्यावर टाकलं आणि त्याचं खरं काम जिभेच्या नावे लिहिलं. कायद्याचंही तसंच: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत, घ्राणहानी त्यांत नाही. आणि तरी स्वयंपाकघरातली मराठी ऐका. खवट, कुबट, आंबूस, करपट, हिवसट. जवळजवळ सगळे शब्द इशाऱ्याचे. तेल उतरलं, डाळ विटली, भांडं नीट घासलं नाही. अब्रूवाल्यांनी विसरलेलं नाक बायकांनी पहाऱ्याला उभं केलं होतं.

आमच्या घरी आईचंही नाक त्याच आठवड्यात गेलं.

‘मसाला पाय बरं जरा.’

‘आई, मले कुठी समजते?’

‘मंग राहू दे,’ म्हणून ती चिमटी मोजू लागली. आपल्या पाककृतीत घड्याळ नसतं. ‘खमंग वास सुटेपर्यंत भाजा’ हेच माप. ते माप हरवल्यावर आई कानाने रांधू लागली. जवस तडतडायचं थांबलं की तवा खाली, मोहरी फुटायची थांबली की कांदा आत. तिने तक्रार केली नाही. शेंगदाणे मात्र दोनदा करपले, आणि ते आम्हाला धूर दिसल्यावर कळलं.

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे गांधींचा अस्वाद आठवणं अटळ होतं. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. ‘मंगल प्रभात’ ती हीच. त्यात अस्वादही आहे: अन्न औषधासारखं घ्यावं, जिभेच्या लाडासाठी नव्हे. मी तीन आठवडे अगदी तसाच जेवलो. वेळ झाली म्हणून, भाकरी मोजून. पुण्य काही लागलं नाही. ज्याला गूळ कळतो त्यानेच गूळ सोडण्यात अर्थ.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. अस्वादाचा विचार खाणाऱ्याच्या बाजूने होतो. आश्रमात रसोड्याचं काम वाटून घेत, हे मान्य. घरात ते वाटलेलं नसतं. ‘आज बेसन जमलं’ हे वाक्य म्हणजे चोचले नव्हेत, ती रांधणारीला मिळणारी पोच आहे. त्या तीन आठवड्यांत आईला एकदाही पोच मिळाली नाही. मी खोटं बोलून पाहिलं. तिने एकच विचारलं, ‘काहून, तुले वास आला काय?’

वास परतला तो वाकडा होऊन. चेतापेशी नव्याने उगवताना धागे चुकीचे जुळतात, असं सांगतात. कांद्याच्या फोडणीला जळक्या रबराचा दर्प येई. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेला एक सराव आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, 12 आठवडे. महागडं काहीच नाही. मी देवघरातल्या गुलाबापासून सुरुवात केली. आई लवंगेपुरती यायची, नाकाशी धरायची आणि मग चहात टाकून द्यायची.

तिचं नाक पावसाळ्याआधी ताळ्यावर आलं. माझं बरंचसं. दूध मात्र अजून मी तिच्याकडे नेतो.