दुसरी आली, पहिली ठरली



इटलीची गॅब्रिएला पारुझ्झी ही पायांना स्की बांधून बर्फावर लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी खेळाडू. १९९२, १९९४ आणि १९९८ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये तिला रिलेचे कांस्यपदक मिळाले. तिच्या एकटीच्या नावावर मात्र एकही पदक नव्हते. २४ फेब्रुवारी २००२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे ३० किलोमीटरच्या शर्यतीत ती दुसरी आली. पहिली आली रशियाची लारिसा लाझुतिना. पण लाझुतिनाच्या तपासणीत तांबड्या रक्तपेशी वाढवणारे औषध सापडले. ती बाद झाली आणि सुवर्णपदक पारुझ्झीला मिळाले.

दुसऱ्याच्या पतनातून आलेल्या यशाचा आनंद मानावा का? आम्हांला वाटते, मानावा. कारण ते पदक मुळात तिचेच होते. मात्र आपला आनंद बहुधा वेगळाच असतो. कोणी लबाडीत सापडला की मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्याचीच चर्चा रंगते. ज्याचे हक्काचे हिरावले गेले, त्याचे नावही निघत नाही! संत पौल करिंथकरांना शर्यतीचे उदाहरण देतो, तेव्हा बक्षिसाबरोबर स्पर्धकाचा आत्मसंयमही सांगतो.

लाझुतिनाने त्याआधी पाच ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली होती. तिच्याविषयी हळहळ वाटली, तर त्याने न्यायाला बाधा येत नाही.

पारुझ्झी पुढे २००३-०४ च्या मोसमात जागतिक करंडकाची सर्वसाधारण विजेती झाली.